परवान्याचं मागचं पान

घोलवडच्या आमच्या वाडीत ट्रॅक्टर येवो की टेम्पो, पूजा होते आणि पहिली फेरी घरातल्या सगळ्यात लहान मुलीला बसवून मारतात. त्यामुळे माझ्या दिरानं, ऋषभभाऊजींनी, दोन सीटचं जुनं विमान आणलं तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या हिरकणीलाच बसवायचं, हे न बोलताच ठरलं.

चिकूच्या झाडांपलीकडच्या गवताळ पट्टीवर विमान उभं होतं. हिरीला आत बसवलंही होतं. सासूबाईंनी नारळ फोडला आणि भाऊजींच्या परवान्याची पुस्तिका माझ्या हातात दिली. "यालाही कुंकू लाव."

औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायची मला सवय. कुंकू लावता लावता मागचं पान वाचलं. विद्यार्थी वैमानिक. शिक्षकाच्या परवानगीनंच उडायचं. प्रवासी न्यायचा नाही.

पुन्हा वाचलं.

"भाऊजी, हा शिकाऊ आहे?"

"परवाना तो परवाना, वहिनी."

"दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, असं लिहिलंय यात."

"ते बाहेरच्यांसाठी. हिरी काय प्रवासी आहे? घरची आहे."

माझा नवरा मुकेश हसला. "अगं, तो भाडं थोडंच घेतोय?"

"भाड्याचा प्रश्न शिकून पक्का परवाना मिळाल्यावर येतो. यांना अजून फुकटसुद्धा कुणाला नेता येत नाही!"

"नारळ फुटलाय," सासूबाई म्हणाल्या, "आता मोडता घालू नकोस."

मी हिरीचा पट्टा सोडायला वाकले. मोठ्या माणसाचा पट्टा, पण तिच्या मापाला घट्ट बसला होता. त्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं.

"हे कधी केलंत?"

भाऊजींच्या आधी हिरीच बोलली, "परवा! तू डहाणूला गेली होतीस ना, तेव्हा. आई, वरून आपलं घर दिसतं. आणि समुद्रावर काकानं दोन्ही हात सोडून दाखवले."

मुकेशचं हसू तिथल्या तिथे विरलं. "समुद्रावर?"

"दोनच मिनिटं, दादा."

मी हिरीला उचलून कडेवर घेतलं. "तुमच्या शिक्षकांचा नंबर द्या."

"वहिनी, मला काढून टाकतील."

मुकेशनं भावाच्या हातातून मोबाइल घेतला, नंबर शोधून लावला आणि माझ्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "परवा तुमच्या विद्यार्थ्यानं विमानात बसवलेल्या मुलीची आई."