नेहमीचा पिवळा

सिस्टर यवांदेने मोजीला खिडकीपाशी नेलं, तिची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि म्हणाली, "वर बघ."

डोळे पिवळे होते. पण सिकलसेल या रक्ताच्या आजारात डोळे पिवळेच असतात, आणि सगळा घोळ तिथेच होता. इबादानच्या या दवाखान्यात काविळीचा अभ्यास सुरू झाल्यापासून दोन पेशंट त्यामुळेच गेले होते. घरचे म्हणाले, नेहमीचंच आहे. नर्सनेही तसंच लिहून घेतलं. ती नर्स यवांदेच होती.

"हे कधीपासून, इया मोजी?"

"जन्मल्यापासून," मोजीची आई म्हणाली. बाई बाजारात मिरच्या विकायची आणि बोलायचीही तशीच. "एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला तेच काय विचारतेस?"

"विषाणूची कावीळ असेल तर वेळेत कळायला हवी. उशीर झाला की हातात काही राहत नाही."

"अगं, रोज सकाळी तिला दारात उभी करून डोळे बघते मी. रंग बदलला तर तुझ्याआधी मला कळेल."

यवांदेने तरीही रक्त काढलं आणि नळीवर नाव लिहायला खाली बसली. पंधरा दिवस झाले, एकदा बसलं की तिला उठवत नव्हतं. सिकलसेल तिलाही होता. थकव्याचा बाऊ करणं तिने केव्हाच सोडलं होतं.

इया मोजीने यवांदेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"आई! सिस्टर आहेत त्या," मोजी ओशाळून म्हणाली.

"गप गं. डोळ्याला नाही लावत हात, मिरची आहे." ती बराच वेळ बघत राहिली. "पोरी, हा रंग नेहमीचा नाही. गेल्या महिन्यात तुझे डोळे असे नव्हते."

"माझेही पिवळेच असतात हो, लहानपणापासून," यवांदे हसून म्हणाली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. लघवी काळ्या चहासारखी होत होती. तेही तिने उन्हावर ढकललं होतं.

"घरी कोण बघतं तुझ्याकडे?"

यवांदेने पेनाचं टोपण लावलं. "कोणी नाही."

इया मोजीने डोक्यावर घ्यायला उचललेली मिरच्यांची टोपली खाली ठेवली.

"मोजी, ही घेऊन तू हो पुढे, माल मांड," ती म्हणाली आणि स्टूल ओढून यवांदेच्या शेजारी बसली. "बोलाव कुणाला तरी सुई घेऊन. मी आहे इथे."