पहिल्या पानाचा पहारेकरी

ज्यावर संग्रामरावांचं मत नाही, असा विषय जयपूरच्या मालवीय नगरमधल्या त्या ऑफिसात अजून निघायचा होता. ग्राहकांच्या संगणकांच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यांनी स्वतः लिहिलेला एक हुक, म्हणजे मध्येच अडवून तपासणारा छोटा प्रोग्राम, बसवला होता. कुठल्याही प्रोग्रामने नेटवर्कची सेटिंग बदलायला घेतली की कर्नल ती आधी या हुकला दाखवणार, आणि हुक मान हलवणार. आपल्यासारखाच पहारेकरी घडवला याचा त्यांना कोण अभिमान!

त्या सकाळी बस्सीच्या एका गोदामवाल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर उत्कर्षा फायरवॉलचे नियम चढवायला बसली, तर ते चढेचनात. वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपुरात वाढलेली ही मुलगी नवीन होती; तिला कायम करायचं की नाही हे त्याच दुपारी ठरणार होतं. संग्रामरावांनी तिच्या नियमांचा वरचा भाग चाळला आणि ऑफिसचे मुख्य पंडितसाहेब यांना कळवून टाकलं की चूक तिचीच. हुक तपासायची गरजच काय? तो त्यांनी लिहिला होता.

जेवण झाल्यावर, केवळ आपलं म्हणणं सिद्ध करायला, त्यांनी तिचे अर्धेच नियम चढवून पाहिले. चढले. उरलेले अर्धेही चढले. सगळे एकत्र म्हटलं की नकार. तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचा हुक उघडला.

मजकूर मेमरीच्या एका पानाहून, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्याहून, मोठा असला की कर्नल हुकला फक्त पहिलं पान दाखवतो. अशा वेळी हुकने मजकुराची लांबी शून्य करून सांगायचं असतं, ‘माझं काही म्हणणं नाही, मूळ मजकूरच घे.’ त्यांच्या हुकने लांबी तशीच ठेवली, म्हणजे न पाहिलेल्या पानांवरही सही ठोकली, आणि तिथला जुना कर्नल असला आगाऊपणा चालवून घेत नव्हता. ‘माझं काही म्हणणं नाही’ हे वाक्य संग्रामरावांना उभ्या आयुष्यात सुचलं नव्हतं, ते हुकला कुठून सुचणार?

त्यांनी ती एक ओळ घातली. सगळे नियम निमूट चढले. ते साहेबांच्या केबिनकडे धावले, वाटेत भाषण जुळवत: कर्नल जुना, माहिती अपुरी, ग्राहकाचे नियम भलतेच लांब.

“उशीर केलात,” पंडितसाहेब म्हणाले. “उत्कर्षा आत्ताच चूक कबूल करून गेली.”

“कुठली चूक?”

“ते तिलाही माहीत नाही. म्हणाली, संग्रामजी बोलले, मतलब माझीच असणार.”

संग्रामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले.

साहेब सवयीने खुर्चीत मागे रेलून पुढचं भाषण ऐकायच्या तयारीत बसले. संग्रामराव मात्र तिला बोलावून आणायला निघालेही होते.