कुत्र्याला कळेल ती भाषा

रोरीला पुरून दोन वर्षं झाली होती. त्याचा कुत्रा फ्रूख स्वतः शवपेटीमागून कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत चालत गेला होता, त्यामुळे त्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नव्हतं. तरी रोरीची लेक मारसली गाडी चालवताना स्कॉटलंडच्या बेटांवरची गेलिक भाषा घोकायला लागली की तो मान वळवून मागची सीट बघायचा.

ग्लासगोहून निघाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. फोनमधली बाई म्हणे, आज हवा छान आहे. मारसली म्हणे, आज हवा छान आहे. बाहेर वारा गाडी उलथवायला बघत होता. फ्रूखला या भाषेचं काय कौतुक! रोरी मेंढ्यांशी, बायकोशी आणि कुत्र्याशी गेलिकच बोलायचा. लेकीशी मात्र इंग्रजी, पोरगी शिकून मोठी व्हावी म्हणून. पोरगी शिकली, मोठी झाली आणि निघून गेली. असे शहाणे आईबाप जगात पुष्कळ आहेत, त्यांना बोलून उपयोग नाही.

आता तिची आई, ओयरिक, त्यांच्या मूळ बेटावरच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होती. मेंदूत रक्तस्राव झाला आणि तिचं इंग्रजी पार पुसलं गेलं. गेलिक तेवढी राहिली. लहानपणी भिंतीआडून ऐकलेलं मारसलीला बरंच कळायचं, पण जीभ वळत नव्हती. मरण्याआधी आईने एकदा आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

वादळामुळे बोट दोन दिवस अडली. धक्क्यावर याखन नावाचा म्हातारा भेटला, तोही बेटाकडेच निघालेला. तिची वाक्यं ऐकून तो हसला.

"बाई, तुझ्या आईला वाटेल रेडिओवर बातम्या लागल्यात." मग त्याने फ्रूखकडे हनुवटी केली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. हा आमच्या बेटाचा आहे, खरी गेलिक याला कळते. तो हलेपर्यंत म्हण."

मारसली म्हणायला लागली. बापाचे कुत्र्यापुरते शब्द: ये, थांब, पड खाली. फ्रूख ढिम्म. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, घसा बसला, आवाज जाड झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी 'लाय शीअस', म्हणजे पड खाली, असं अगदी रोरीच्या सुरात तिच्या तोंडून निघालं आणि फ्रूखचे पाय आपोआप दुमडले. त्याच क्षणी गाडीत ओल्या लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा, रोरीचा वास भरला. मागची सीट दबली होती.

त्यानंतर फ्रूखची फार ओढाताण झाली. आज्ञा पाळली की तो वास वाढायचा, न पाळली तर पोरीचे डोळे भरायचे. त्याने भीत भीत आज्ञा पाळल्या. बोट सुटली तेव्हा गाडीत रोरी धरून तिघं होते.

इस्पितळातल्या नर्सने कुत्र्यालाही आत सोडलं. मारसलीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आई, मी आलेय." ओयरिक छताकडे बघत राहिली. तिने परत म्हटलं. काही नाही. फ्रूख मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघून केकाटायला लागला. मारसलीने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "लाय शीअस."

ओयरिकची मान वळली.

"आलास, रोरी?"

मारसलीने बोलायला तोंड उघडलं.

"हळू बोल," ओयरिक म्हणाली. "पलीकडे पोर जागी असेल. आपलं बोलणं तिच्या कानावर नको पडायला. अडकून पडेल रे ती इथंच, माझ्यासारखी."

त्यातला शब्द न् शब्द मारसलीला कळला. कळला नसता तर बरं झालं असतं, असं तिच्या चेहऱ्याकडे बघून फ्रूखला वाटलं. 'आई, मी आलेय' तिच्या ओठांवर तयार होतं. ते तिने गिळलं.

"झोपलीय ती," ती बापाच्या आवाजात म्हणाली. "गाढ झोपलीय."

"बरं झालं," ओयरिक म्हणाली, आणि नवऱ्याचा समजून तिने लेकीचा हात धरला.