पडवीचा रंग

सुताराने सरसात बुडवलेली खुंटी पडवीच्या तुळईतल्या भोकात बसवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. खाली बायको खांबाला कान लावून उभी होती.

"हा भुंगा गप्प झाला," ती मोठ्याने म्हणाली. "डावीकडे, वीतभर पुढे, अजून एक कुरतडतोय."

तिची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याला कमी ऐकू यायचं. दोघं मिळून एक धड माणूस होतं, असं ती हसून म्हणे. ती ऐकायची, तो बुजवायचा. दुपार भुंग्यांच्या गुणगुणण्याने जड झाली होती. तुळईतून गळणारा बारीक भुसा उन्हात तरंगत तिच्या केसांवर उतरत होता.

"भोक बघ कसं पाडलंय! गिरमिटानेही एवढं गोल पडत नाही," तो म्हणाला. "कारागीर आहे लेकाचा."

"जातभाईचं कौतुक पुरे. खुंटी ठोका."

पण आत कोंडलेले भुंगे सकाळपर्यंत शेजारूनच वाट काढून बाहेर आले. तुळई आता ठोकली तर पोकळ वाजत होती. रंग लावा, नाहीतर पडवी उतरवावी लागेल, असं लेकीने बजावलंच होतं.

रंगवलेल्या लाकडाला भुंगा सहसा तोंड लावत नाही, हे सुताराला काय ठाऊक नव्हतं? पण रंग म्हणजे वाईट सांधे झाकायची पळवाट, या हट्टापायी त्याने आपल्या घरात ब्रश येऊ दिला नव्हता. लग्नानंतर तिने पडवीला निळा रंग मागितला होता. मग दरवर्षी मागितला. पुढे कधीतरी मागणं सोडून दिलं.

दोन दिवसांनी ती पायरीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिचे हात थांबले.

"वास कसला येतोय?" तिने शिडीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं.

"रंगाचा."

"कोणता आणलात?"

"निळा."

तिने हातातली घडी उलगडली आणि पुन्हा घातली. टोमणा ऐकायची त्याने तयारी ठेवली होती, तो आलाच नाही.

"फार उशीर केला गं मी," तो शिडीवरूनच म्हणाला.

"ते राहू द्या. गडद आहे की फिकट?"

सकाळपासून रंगवताना त्याने फक्त सांधे पाहिले होते, रंग नाही.

"थांब," तो म्हणाला. "नीट बघून सांगतो."

शिडी उतरून तो तिच्याशेजारी बसला आणि त्याने मान वर केली.