केरू पुढे चालत गेला

चोरीची तांब्याची तार केरूने स्वतः पुढे चालत जाऊन बांधाखालून काढून दिली, असं पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं. निडी गावातलं शेंबडं पोरही सांगेल की त्या दिवशी केरूला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. चौकीत फौजदाराने त्याच्या तळपायांवर मारलं होतं. जामिनावर घरी आला तो अंथरुणालाच खिळला आणि भातकापणीच्या आधी गेला.

त्याच्या बायकोने, मालूने, फौजदारावर केस घातली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. पण त्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केलेला दिनानाथ खरं सांगायला तयार झाला. शेजारचाच माणूस, धाटावच्या कंपनीत कामाला. तेव्हा मालूला पहिल्यांदा वाटलं, केरूला मारलं हे आता कोर्टात तरी लिहून घेतील. तिला तेवढंच हवं होतं.

रोह्याच्या कोर्टात दिनानाथ खरंच बोलला. केरू चाललाच नाही, आपण त्याला पाठीवर घेऊन बांधापर्यंत नेलं, असं त्याने धडधडीत सांगितलं. मग फौजदाराचा वकील उठला आणि त्याने पंचनामा पुढे धरला. सही तुमचीच? व्हय. वाचता येतं? व्हय. मग तेव्हा खोटं बोललात, की आता? दिनानाथची बोबडीच वळली. खरं बोलायला आलेला माणूस बघता बघता लबाड ठरला, आणि कायद्याला त्याचं काही वाटलं नाही.

मालूचे वकील, पेणचे नीलकंठ, बाहेर आल्यावर हळूच म्हणाले की साक्ष हातची गेली. सही करून उलटलेल्या पंचावर जज्जसाहेब विश्वास ठेवतील असं वाटत नाही. मालूने मान हलवली. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. राग नाही, काही नाही. आतून ती पार बधिर झाली होती.

दिनानाथ फाटकापाशी उभा होता. आत त्याला जे कुणीच विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"पाठीवर व्हता तवा काय बोलला?"

"पाणी मागत व्हता, वयनी."

"दिलंस?"

दिनानाथने खाली पाहिलं. "फौजदार म्हणला, आधी सही होऊ दे."

"आन सही झाल्यावर?"



"मंग मी इसरलो."