शवपेटीवरचा झेंडा

झेफेरीनू गवंडी मंगळवारी सकाळी गेला. अंगणातल्या द्राक्षवेलीला आधार बांधत होता, तिथेच खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या मेहुणीने मला बेकरीत गाठून ही बातमी सांगितली. मी पाव तसाच काउंटरवर ठेवला आणि संघटनेच्या कचेरीकडे निघालो, कारण झेंड्याचं कपाट माझ्या ताब्यात होतं.

आमच्या कास्ताइरा गावच्या माजी सैनिक संघटनेची कार्यकारिणी पाच जणांची. अध्यक्ष कर्नल व्हालादारिश. चिटणीस देओलिंदाबाई, आफ्रिकेतल्या लढाईत हेलिकॉप्टरमधून उतरून जखमींना उचलून आणणाऱ्या ज्या मोजक्या परिचारिका होत्या, त्यांच्यातली ती एक. खजिनदार बाल्तझार, आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलेला. चौथा ओरासियू, दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून तो नन्सच्या वृद्धाश्रमात. आणि पाचवा मी, एव्हारिस्तू, ध्वजप्रमुख. नाव भारदस्त, काम साधं. सभासद वारला की झेंडा काढायचा, इस्त्री फिरवायची, शवपेटीवर पसरायचा, आणि पेटी खाली सोडण्याआधी घडी घालून परत आणायचा. अकरा वर्षं मी हेच करत होतो.

कर्नल माझ्या आधीच कचेरीत येऊन बसले होते. टोपी टेबलावर, हात टोपीवर.

"झेंडा बाहेर काढायचा नाही," ते म्हणाले. "शिक्षा झालेल्या माणसाच्या पेटीवर आपला झेंडा जाणार नाही."

"जी साहेब," मी म्हणालो.

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच आफ्रिकेतल्या लढाईत, गिनीच्या जंगलात ते आमचे कॅप्टन होते आणि मी कंपनीचा आचारी. मला ताप चढला तेव्हा त्यांनी स्वतःच्या जीपमधून इस्पितळात पोचवलं. गावी परतल्यावर नगरपालिकेत रखवालदाराची नोकरी मिळाली, तीही त्यांच्याच शब्दावर. त्यांना नाही म्हणायची माझ्या जिभेला सवयच नव्हती.

झेफेरीनूची शिक्षा सगळ्या गावाला माहीत होती. तो आमच्याच कंपनीत असताना गिनीतल्या एका खेड्यातलं भाताचं कोठार पेटवायचा हुकूम झाला, तेव्हा त्याने हातातला पलिता चिखलात विझवला आणि तिथेच मांडी घालून बसला. सहा महिने लष्करी तुरुंग. हुकूम कॅप्टन व्हालादारिशांचाच होता.

दार उघडून देओलिंदाबाई आत आली. तिने शेवटचं वाक्य बाहेरूनच ऐकलं असावं.

"एव्हारिस्तू, तुझी मान काय स्प्रिंगवर बसवलीय का रे? कोणी काही बोललं की हलते."

"बाई, हा अध्यक्षांचा निर्णय आहे," कर्नल शांतपणे म्हणाले.

तिने खणातून नियमावली काढली. पान शोधावं लागलं नाही. "नियम अकरा. सभासदाच्या अंत्ययात्रेस संघटनेचा ध्वज जाईल. 'जाईल' लिहिलंय, साहेब. 'अध्यक्षांची मर्जी असल्यास' असं कुठे दिसत नाही."

"संघटनेची अब्रू सांभाळणं ही अध्यक्षाची जबाबदारी आहे."

"अध्यक्षाने सभा चालवायची आणि बाहेर संघटनेच्या वतीने बोलायचं. नियम सहा. मेलेल्या माणसांची निवड करायचं काम त्यात नाही. झेफेरीनू एकवीस वर्षं सभासद होता. ह्या खोलीची भिंतसुद्धा त्याने बांधलीय, तुम्ही टेकून बसलात ती."

कर्नलांनी टोपी उचलली. "चावी माझ्या परवानगीशिवाय फिरणार नाही," ते मला म्हणाले आणि निघून गेले.

देओलिंदाबाईने लगेच कागद ओढला. दोन सदस्यांनी मागणी केली तर एका दिवसाच्या नोटिशीवर तातडीची सभा घेता येते. एक सही तिची होती. तिने पेन माझ्यापुढे धरलं.

"मी कुणाच्या बाजूने मत देईन ते सांगत नाही," मी म्हणालो.

"मी विचारलं का? सभा व्हावी एवढ्यापुरती सही कर. मताचं तू आणि तुझं मन बघून घ्या."

सही केली. तिने नोटिशीच्या पाच प्रती काढल्या आणि दुपारच्या उन्हात स्वतः दारोदार फिरून पोचवल्या, प्रत्येकाकडून पोच घेतली. सभेची जागा होती वृद्धाश्रम, ओरासियूची खोली. ओरासियूला येता येत नव्हतं, म्हणून तिने सभाच त्याच्याकडे नेली. सभा कचेरीतच घ्यावी असं नियमात कुठेही नव्हतं.

बुधवारी दोन वाजता आम्ही चौघं त्या पलंगाभोवती बसलो. खिडकीत औषधाच्या बाटल्या, भिंतीवर क्रूस, आणि हवेत कोबीच्या सुपाचा वास. कर्नल कोट-टायमध्ये, कोटावर पदकं लावून आले होते. बाल्तझार खुर्चीच्या कडेवर बसून सारखं घड्याळ बघत होता.

कर्नलांनी पहिलाच आक्षेप घेतला. "ओरासियूची प्रकृती पाहता त्याचं मत धरता येणार नाही. माणूस शुद्धीवर असला पाहिजे."

औषध घेऊन आलेली सिस्टर पिएदादी दारातच थांबली. "शुद्धीवर? कर्नल साहेब, हा माणूस मला रोज पत्त्यांत हरवतो. वर लबाडीही करतो."

ओरासियूच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

"डॉक्टरचा कागद आहे तुमच्याकडे?" देओलिंदाबाईने विचारलं. कर्नलांकडे कागद नव्हता. तिने इतिवृत्तात लिहिलं, मोठ्याने वाचत: "पाचही सदस्य हजर. गणपूर्ती झाली." मग तिने ठराव वाचला. नियम अकराप्रमाणे झेफेरीनूच्या अंत्ययात्रेस ध्वज जावा.

बाल्तझार आधी बोलला. "माझा विरोध. झेफेरीनूबद्दल माझ्या मनात काही नाही. पण कशाला फाटे फोडायचे? फुलं पाठवू. चांगली मोठी."

"माझा विरोध," कर्नल म्हणाले. "ज्याने हुकूम मोडला त्याला आणि ज्यांनी हुकूम पाळून जीव दिला त्यांना एकच झेंडा? त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवू? ते सांगा मला, बाई."

हे ते मनापासून बोलत होते. त्यांचा आवाज किंचित कापला, आणि मला त्यांची कीव आली. आमच्या कंपनीतले सात जण परत आले नव्हते. त्या सातही घरी जाऊन त्यांनी स्वतः बातमी दिली होती.

"त्या सातांच्या पेट्यांवरून कोणी झेंडा काढत नाहीये, साहेब," देओलिंदाबाई म्हणाली. "माझं मत बाजूने."

ओरासियूने डावा हात उचलला. आम्हाला वाटलं, मत दिलं. पण त्याला बोलायचं होतं. शब्द ओले होऊन, एकेक करून बाहेर येत होते.

"कोठार... मी पेटवलं."

बाल्तझारने घड्याळावरची नजर उचलली.

"त्याने... टाकलेला पलिता... मी उचलला. पुसला. पेटवला." त्याने श्वास घेतला. "आत म्हातारी होती. कोणाला... माहीत नव्हतं. मला पदक. त्याला तुरुंग." त्याने कर्नलांकडे बघितलं. "माझ्या पेटीवर टाकणार ना... झेंडा? मला चालतो?"

सिस्टरने ट्रे खाली ठेवला आणि ओरासियूचं तोंड पुसलं. त्याचा हात अजून वर होता.

"बाजूने," देओलिंदाबाईने लिहिलं. तिचं अक्षर त्या ओळीत वाकडं गेलंय, अजून वहीत दिसतं.

दोन विरुद्ध दोन. राहिलो मी. मी गप्प बसलो असतो तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत अध्यक्षाचं जादा मत. म्हणजे गप्प बसणं हेसुद्धा कर्नलांनाच मत देणं होतं. ते त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. इतकी त्यांना माझी खात्री होती. त्या खात्रीनेच मला आतून पेटवलं. माणूस उपकार करतो, आपण ते मान्य करतो, आणि पंचेचाळीस वर्षं तो आपल्याकडे बघायचंही सोडून देतो.

मी हात वर केला.

"एव्हारिस्तू, हात खाली," कर्नल म्हणाले. जुना आवाज. माझं कोपर खरोखरच वाकलं. मी डाव्या हाताने ते धरून ठेवलं.

"नाही साहेब. इथे कॅप्टन कोणी नाही. तुम्ही अध्यक्ष, मी ध्वजप्रमुख. आपल्या दोघांना मत एकेकच आहे. माझं बाजूने."

कर्नल उठले. इतिवृत्तावर सही मात्र त्यांनी केली, नीट, पूर्ण नावाने. मग टोपी घालून गेले.

गुरुवारी सकाळी झेंडा घेऊन मी आणि देओलिंदाबाई चर्चच्या दाराशी पोचलो. झेफेरीनूची बायको कोंस्तांसा पेटीजवळ उभी होती, काळ्या शालीत, सुतारकाम केलेल्या बापाची मुलगी, हातही तसेच. तिने झेंडा बघितला आणि आडवी आली.

"न्या परत."

"कोंस्तांसा—"

"एकवीस वर्षं तो तुमच्यात बसायला यायचा. शेजारची खुर्ची कायम रिकामी. घरी येऊन सांगायचा, आज छान गप्पा झाल्या. मला काय कळत नव्हतं? आता तो ऐकू शकत नाही तर कापड घेऊन आलात!"

मला वाटलं, आता देओलिंदाबाई नियम सांगेल. तिने नाही सांगितला.

"खरं आहे," ती म्हणाली. "मीही त्या खुर्चीवर कधी बसले नाही. हा झेंडा आमची मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे. आता तो तुझ्या हातात आहे. नको म्हणालीस तर आम्ही घडी घालून मागे उभे राहू. पण आत येऊ."

कोंस्तांसा पेटीच्या कडेवरून हात फिरवत राहिली. पाद्री दोनदा खाकरला.

"त्याला हवा असता," ती शेवटी म्हणाली, चिडूनच. "मूर्ख होता. टाका. पण सरळ टाका, सुरकुती दिसली तर मी ओढून काढीन."

मी पसरला. एकही सुरकुती राहिली नाही. यात्रा निघण्याआधी वारलेल्या सभासदाचं नाव पुकारायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वतीने हजेरी द्यायची, ही आमची रीत; अध्यक्ष नसले की नाव चिटणिसाने पुकारायचं असतं. देओलिंदाबाईने ते इतक्या जोरात पुकारलं की चौकातली कबुतरं उडाली. आणि आम्ही सगळे, बाल्तझारसुद्धा, एका आवाजात ओरडलो, "हजर!" कर्नल समोरच्या कॅफेच्या पायऱ्यांवर उभे होते. यात्रा निघेपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि रस्ता ओलांडून आलेही नाहीत.

ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी दोन ठराव मांडले. पहिला, चिटणीस आणि ध्वजप्रमुख यांना पदावरून काढावं. चौतीस विरुद्ध एकोणतीस मतांनी तो मंजूर झाला. आम्ही दोघांनी कार्यकारिणीच्या टेबलामागून उठून आपापले कागद नव्या माणसांच्या हवाली केले. दुसरा, नियम अकरा बदलून त्यात 'निष्कलंक सेवा असलेल्या' हे शब्द घालावेत. नियम बदलायला तीनचतुर्थांश मतं लागतात. त्यांना निम्मीही मिळाली नाहीत. ज्यांनी आम्हाला काढलं होतं त्यांतल्याच कितीतरी जणांनी हात खाली ठेवले. आपली पेटी प्रत्येकाला दिसत असावी.

नियम जसा होता तसा राहिला. जानेवारीत ओरासियू गेला, त्याच्याही पेटीवर झेंडा गेला. नव्या ध्वजप्रमुखाने तो तिरका टाकला होता, तो मी पुढे होऊन सरळ केला. कोणी अडवलं नाही.

पुढच्या सभेला देओलिंदाबाई पहिल्या रांगेत बसली, हातात नियमावली, मी तिच्या शेजारी. कर्नलांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर करताच तिचा हात वर गेला.

"अध्यक्षमहोदय, सभासद म्हणून माझा ठराव आहे. झेफेरीनूचं नाव दिवंगतांच्या फलकावर अजून का नाही?"

"ह्याला अनुमोदन लागेल," कर्नल म्हणाले.

मी उभा राहिलो. "माझं अनुमोदन."