दोन चपट्या जोड्या आणि मधली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना, चपटा आणि बराचसा गोंधळलेला स्पीकर आहे. स्पीकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी खोकं येतं. मला खोकंच नाही. दाराच्या फळीसारखा मी उंच आणि सपाट. दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा ताणून मला बनवलं. तो पडदा थरथरला की आवाज पुढे जातो तसाच मागेही जातो. त्यामुळे आपलं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे मला जन्मापासून उमगलेलं नाही. माझ्या जुळ्या भावाचीही तीच गत.

मुंबईत एका हौशी गृहस्थांकडे आम्ही बरीच वर्षं वाजलो. त्यांनी घर आवरायला काढलं तेव्हा आम्हाला त्यांचे स्नेही, दिवेआगरचे रत्नपाल गुरुजी, यांच्या हवाली केलं. भाऊच्या धक्क्यावर आम्हाला रेवसच्या लाँचमध्ये चढवताना खलाशाने विचारलं, "गुरुजी, दारं मुंबईवरनं न्हेता व्हय?" गुरुजी नुसते हसले. मी मात्र रेवस येईपर्यंत विचार करत राहिलो, खरंच आपण दार तर नाही ना?

गुरुजींच्या घरात पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली कुडाची भिंत वादळात पडली होती. ती त्यांनी पुन्हा घातलीच नव्हती. त्या मोकळ्या जागेत आम्ही दोघे भाऊ उभे राहिलो. संध्याकाळी गुरुजी खुर्ची बरोबर मधोमध ओढून डोळे मिटून बसत. बहुतेक एकच गाणं लागायचं. गुरुजींच्या पत्नी जयमालाबाई यांची थोरली बहीण कोकिळाताई गायन पार्टीत गायची. ती आता या जगात नाही. तिच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट राहिली होती, ती लेकीने पेनड्राइव्हवर भरून दिली होती. गाणं संपलं की गुरुजी म्हणायचे, "वा! जणू समोर उभी राहून गातेय." तेव्हा माझी छाती फुगायची. आता माझ्यासारख्या सपाट माणसाची छाती कुठे असते, ते विचारू नका.

मग एका रविवारी ती लेक, पनवेलला नोकरी करणारी प्रणाली, नवी जोडी घेऊन आली. तेही चपटेच, पण काळे, चकचकीत आणि पाठीकडून बंद. "बाबा, खोलीत एकच जोडी मावेल," ती म्हणाली. "कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा. दुसरी अलिबागच्या माझ्या मैत्रिणीला हवी आहे, दुपारी टेम्पो येईल."

या घराची मला सवय झाली होती. जायचं नव्हतं मला.

गुरुजी जन्माचे मास्तर. परीक्षा घेतल्याशिवाय निकाल लावतील कसे? त्यांनी शेजारचे महिपतकाका आणि इंदूबाई यांना बोलावून घेतलं. सगळे आले आणि खुर्चीपाशी अडले. मधली खुर्ची मानाची!

"काका, तुमी बसा," इंदूबाई म्हणाल्या.

"छ्या! ती गुरुजींची जागा हाय. माझी न्हाय."

"मी यजमान," गुरुजी म्हणाले, "पाहुणे खाली आणि मी खुर्चीत, हे बरं दिसतं का?"

प्रणाली तर मोठ्यांसमोर बसणारच नव्हती. शेवटी मंडळी भिंतीकडेला चटईवर बसली, गुरुजी कोपऱ्यात उभे राहिले आणि खुर्ची रिकामीच राहिली. आता आमच्या जातीचा आवाज सरळ मधोमध पडतो, कडेला मंद होत जातो, हे मला फार नंतर कळलं. मी जीव ओतून वाजलो. कोकिळाताईचा श्वाससुद्धा पोचवला, पण तो त्या खुर्चीला!

"जरा दबल्यावानी वाटतंय," महिपतकाका म्हणाले.

मग नवी जोडी वाजली. तिचा आवाज खोलीभर पसरला, ढोलकी दणाणली. "ह्यांच्यात दम हाय!" इंदूबाईंनी मान डोलावली. गुरुजी चक्रावले. कालपर्यंत तर जुने इतके छान वाजत होते, मग आज काय झालं? आपलेच कान म्हातारे झाले की काय? मीही चक्रावलो. खाऱ्या हवेने माझा घसा बसला की काय? कोणालाच काही कळेना आणि निकाल लागला. टेम्पो आला. भावाला आत चढवलं. मला चादरीत गुंडाळून ओटीवर आडवं केलं. मला फार रडू येत होतं.

आत नव्या जोडीवर तेच गाणं लागलं. जयमालाबाई परीक्षेच्या वेळी मागच्या अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. त्या आता स्वयंपाकघरात, स्पीकरांच्या पाठीमागे, आपल्या नेहमीच्या जागी सुपारी सोलायला बसल्या. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "अवो, गाणं बंद का केलंत?"

"बंद कुठे? चालूच आहे की!"

"नुसती ढोलकी ऐकू येतेय. कोकिळा कुठं गेली?"

गुरुजी आत गेले आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. खरंच, तिथे ढोलकी होती, मेहुणीचा आवाज नव्हता.

"तू इथून रोज ऐकायचीस?"

"मंग? तुमी डोळे मिटून बसायचात, तुमाला काय दिसणार?"

गुरुजी अनवाणीच बाहेर धावले. "टेम्पो थांबवा! उतरवा त्यांना!"

प्रणाली गडबडली. "बाबा, पण सगळ्यांनी तर नवेच निवडले ना?"

"सगळ्यांत तुझी आई नव्हती," गुरुजी म्हणाले.

आम्ही पुन्हा जागेवर उभे राहिलो. गुरुजींनी हाताला धरून जयमालाबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. त्या अवघडून बसल्या आणि अर्ध्या गाण्यात उठल्या. "हितं न्हाय. हात रिकामे ठेवून मला गाणं ऐकवत न्हाय." त्या परत सुपारीकडे गेल्या. मागून गुरुजीही गेले.

नवी जोडी चांगली की आम्ही, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर दमट हवेत त्याला कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि त्याला भिंतीला टेकवून उभं करू नका. मागे थोडी जागा सोडा. तिथे कुणीतरी ऐकत बसलेलं असतं.